पाहणाऱ्याची सही

यादीत तिसऱ्या ओळीवर त्याचं स्वतःचं नाव होतं, आणि पहिल्यांदा त्याच्या मनात आलं ते एवढंच की, बरोबर आपल्याच नावाचा, आपल्याच वयाचा आणखी एक माणूस या गावात आहे आणि त्याच्याही पित्तनळीत खडा आहे, बिचारा. मग त्याने अंगातल्या कपड्यांकडे बघितलं. वॉर्डातले फिकट निळे कपडे, डाव्या हाताच्या पाठीवर सलाइनची सुई, मनगटावर कागदी पट्टी, पट्टीवर तेच नाव. म्हणजे बिचारा तोच होता.

तो दुपारी भरती झाला होता आणि संध्याकाळी खाली आला होता तो फक्त कपाटाची किल्ली द्यायला. खाली म्हणजे तळमजल्यावरच्या धुण्याच्या खोलीत. या खोलीत पोटाच्या दुर्बिणी धुतल्या जातात. लोकांना दुर्बीण म्हटलं की डोळ्याला लावायची वस्तू आठवते. ही हातभर नव्हे, चांगली तीन हात लांब काळी नळी असते, आणि ती तोंडातून आत जाते. एका माणसाच्या आतून आली की दुसऱ्याच्या आत जाण्यापूर्वी तिला कुणीतरी धुवावं लागतं. एकोणीस वर्षं तो ‘कुणीतरी’ म्हणजे तोच होता. दुसऱ्या दिवशीच्या केसेसची यादी रोज संध्याकाळी याच खोलीच्या दारामागे लागते, आणि त्याने ती सवयीनेच वाचली होती. एरवी नावाच्या रकान्याकडे तो बघायचाही नाही. त्याचा रकाना शेवटचा, कोणती दुर्बीण, हा. आजही त्याची नजर नावावरून घसरत तिथेच गेली आणि त्याच्या डोक्याने त्याला न विचारता हिशोब मांडला. पित्तनळीच्या कामाच्या, आडवं बघणाऱ्या दुर्बिणी दवाखान्यात दोनच. पहिल्या केसला एक नंबरची, दुसरीला दोन नंबरची, तिसरीला पुन्हा एक नंबरची. पहिल्या ओळीतल्या माणसापुढे लिहिलं होतं: ताप, थंडी, नळीत पू. म्हणजे सकाळी नऊला जी नळी त्या पुवात जाणार, तीच साडेअकराला त्याच्या तोंडातून आत येणार, आणि मधल्या वेळात तिला नवी धुणार.

नवीला या खोलीत येऊन दहा वर्षं झाली होती. तिची मुलगी तेव्हा पाळण्यात होती, ती आता आईच्या चुका काढायला लागली होती. पण नवी आली तेव्हा जुना तो एकटाच होता, त्यामुळे ती नवी, आणि तिच्यानंतर कुणाला घेतलंच नाही, त्यामुळे ती नवीच राहिली. पगाराच्या कागदावरसुद्धा एकदा कारकुनाने चुकून तेच लिहिलं होतं. ती भराभर काम करायची आणि काम करताना गायची. गाण्याबद्दल त्याने सिस्टरांकडे तीनदा तक्रार केली होती. सिस्टर म्हणजे या विभागाच्या प्रमुख, त्यांना स्वतःला गाण्याचं काही नव्हतं. “काका, पेशंट बेशुद्ध असतात आणि डॉक्टर बहिरे. तुम्हालाच ऐकू जातं तर कापूस घाला.” त्याला गाणं नको होतं असं नाही. पण गाणारा माणूस मोजत नाही, हे त्याचं मत होतं. तो मोजायचा. नळीच्या टोकाशी एक बारीकशी धातूची झडप असते, डॉक्टरांना आत तार वर उचलायला लागते ती. सगळे तिला लिफ्ट म्हणतात. घाण बसते ती लिफ्टच्या मागे. तिथे नखाएवढा ब्रश घालून, लिफ्ट वर करून, खाली करून घासायचं असतं. पुस्तकात लिहिलंय ‘दिसेनाशी होईपर्यंत’. तो चाळीस वेळा घासायचा. दिसत तर पहिल्यापासूनच काही नसे.

पिवळेपणा आधी बायकोला दिसला, तीन आठवड्यांपूर्वी, आणि तिने बाथरूममधला बल्ब बदलला. “हा बल्ब माणसाला आजारी दाखवतो,” ती म्हणाली. नव्या बल्बखालीही तो तसाच दिसला, तेव्हा तिने आणखी पांढरा बल्ब आणला. त्याच्या उजेडात भिंतीवरच्या फरशीतले तडे दिसायला लागले, कोपऱ्यातली कोळिष्टकं दिसायला लागली, आणि मधोमध तो, पिवळा. ती दोन्ही बल्ब घेऊन दुकानात भांडायला गेली आणि साक्षीला त्याला घेऊन गेली. दुकानदाराने बल्ब लावून बघितले, मग काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, “वहिनी, बल्ब परत घेतो, पण यांना डॉक्टरकडे न्या.” एकोणीस वर्षं दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाची कावीळ विजेच्या दुकानात सापडली. त्याआधी महिनाभर तळहातांना खाज होती, ती त्याने साबणावर ढकलली होती. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ यायची, ती त्याने जेवणावर ढकलली होती. सहा वर्षांपूर्वी त्याचं पित्ताशय काढलं होतं, त्यामुळे खडे हा विषय आपल्यापुरता मिटला असं तो धरून चालला होता. हा खडा तेव्हा नळीत मागे राहिला की मागाहून नळीतच तयार झाला, यावर दवाखान्यातल्या दोन डॉक्टरांची दोन मतं होती आणि ते जिन्यात भेटले की त्याच्यादेखत वाद घालायचे. खड्याला स्वतःला मत नव्हतं. तो अकरा मिलिमीटरचा होता आणि बसला होता.

मोठ्या डॉक्टरांनी त्याला खुर्चीत बसवून कागदावर चित्र काढून सगळं समजावलं होतं. ही जठराची पिशवी, हे पुढचं आतडं, या आतड्याच्या भिंतीला हे बारीक तोंड, पित्ताची नळी इथे उघडते. दुर्बीण तोंडातून इथपर्यंत नेणार. त्या बारीक तोंडातून तार आत घालणार, औषध सोडून क्ष-किरणात खडा बघणार, मग ते बारीक तोंड थोडं कापून मोठं करणार, फुगा नाहीतर तारेची टोपली वर नेऊन खडा खाली ओढणार. पोटावर टाका नाही, काही नाही. शंभरात पाचसात जणांचं स्वादुपिंड सुजतं, ते आधी सांगितलेलं बरं. तो त्या चित्राकडे, न्हाव्याला कुणी डोकं म्हणजे काय ते समजावून सांगावं तसा बघत राहिला. ती टोपली, तो फुगा, ती तार, सगळं त्याने हाताळलं होतं. फक्त माणूस त्याने कधी मधे धरला नव्हता. त्याच्यापर्यंत नळी यायची ती माणसातून बाहेर पडल्यावर, ओली, कोमट, आणि जायची ती माणसात शिरण्यापूर्वी, कोरडी, गार. मधला जो भाग, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तो भिंतीपलीकडे व्हायचा.

“मग खडा मला दाखवाल ना?” बायकोने विचारलं होतं.

“तो बाहेर काढत नाहीत, वहिनी. आतड्यात सोडून देतो आम्ही. दुसऱ्या दिवशी आपोआप जातो,” डॉक्टर म्हणाले.

“कुठे?”

डॉक्टरांनी मदतीसाठी त्याच्याकडे बघितलं. “अगं, कुठे जाणार,” तो म्हणाला.

“तीन आठवडे घर वेठीला धरलं आणि न भेटता जाणार?” ती म्हणाली, आणि घरी जाईपर्यंत खड्याच्या वागण्याबद्दलच बोलत राहिली. दाराशी आल्यावर मात्र कुलूप उघडता उघडता तिने विचारलं, “दुसऱ्या दवाखान्यात जाऊ या का? इथे तुम्हाला सगळे ओळखतात, बरं दिसत नाही.” त्याने नको म्हटलं. दुसऱ्या दवाखान्यातही तळमजल्यावर एक खोली असणार, त्यात एक माणूस असणार. त्या अनोळखी माणसावर विसंबणं खरं तर सोपं होतं, लोक रोज विसंबतात, त्याच्यावरही एकोणीस वर्षं विसंबले होते आणि कुणी त्याचं तोंडसुद्धा बघितलं नव्हतं. पण त्याला झोप लागली नसती. का, ते तिला सांगण्यासारखं नव्हतं.

सांगण्यासारखं नव्हतं ते त्या वहीत होतं. प्रत्येक दुर्बीण धुतली की वहीत एक ओळ भरायची असते: नंबर, वेळ, गळती तपासली, नळीला ब्रश, लिफ्टला ब्रश, मशिन, सुकवली. प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण. शेवटी दोन रकाने, धुणारा आणि पाहणारा. हा दुसरा रकाना अकरा वर्षांपूर्वी एका तपासनिसाने आणला. तो दोन तास खुर्चीत बसला, तीन कप चहा प्याला आणि म्हणाला, “तुम्ही धुतलं हे तुम्हीच कसं सांगणार? कुणीतरी बघायला पाहिजे.” बोलणं चोख होतं. फक्त खोलीत तेव्हा माणूस एकच होता. म्हणून नवीला घेतलं. नवी आली, पण एक बेसिनशी असला की दुसरा सुकवायच्या कपाटाशी, नाहीतर वरच्या मजल्यावर दुर्बीण पोचवायला. शेजारी उभं राहून बघायला तिसरा माणूस लागला असता, आणि त्या तिसऱ्याला बघायला चौथा. मग त्यांची आपोआप एक रीत पडली. पाच वाजता मशिनं बंद झाली की चहा यायचा, चहाबरोबर वही उघडायची, आणि दोघं एकमेकांचे पाहणारे व्हायचे. “आण, तुझं बघतो,” तो म्हणायचा आणि तिच्या बारा ओळींपुढे सह्या ठोकायचा. “द्या दादा, तुमचंही बघून टाकते.” बिस्कीट चहात भिजून पडायच्या आत दोघांचं दिवसभराचं बघणं उरकलेलं असायचं. यात खोटं काही आहे असं दोघांनाही वाटत नव्हतं. आपण धुतलेलं असायचंच. मग कुणी बघितलं काय, न बघितलं काय.

नऊ वर्षांपूर्वीच्या एका दिवशी त्याने धुतलं नव्हतं. सगळं नाही, फक्त लिफ्ट. त्या दिवशी सात केसेस होत्या, एक नंबरची दुर्बीण दुरुस्तीला गेलेली, म्हणजे सगळा भार दोन नंबरच्या एकटीवर. चौथी केस लांबली. मोठ्या डॉक्टरांनी पलीकडून मधल्या भिंतीतल्या खिडकीवर टकटक केलं, मग पुन्हा केलं, तिसऱ्यांदा तर अंगठीने. त्याने नळीत ब्रश घातला, काढला, लिफ्टकडे बघितलं, तिथे काहीच दिसत नव्हतं, आणि त्याने दुर्बीण तशीच मशिनमध्ये लावली. मशिन पूर्ण चाललं. मशिन सगळं मारतं, प्रत्येक जंतू. म्हणजे जिथे पोचतं तिथलं सगळं. संध्याकाळी चौकटींत खुणा करताना लिफ्टच्या चौकटीशी त्याचं पेन थांबलंसुद्धा नाही, हे त्याला पुढे नऊ वर्षं आठवत राहिलं. पेन थांबलं असतं तर निदान तेवढं तरी झालं असतं. पाचवी केस एक बाई होती. तिला त्याने बघितलं नाही, तिच्या नवऱ्याला बघितलं. तो बाहेर बाकावर बायकोच्या चपला हातात धरून बसला होता, दोन्ही, तळ आतल्या बाजूला करून, कुणी खाली ठेवू नका सांगितल्यासारखा. तिसऱ्या दिवशी तो माणूस जिन्यात दिसला. चपला हातातच होत्या. बाई वर असेल, तिला अजून चालायला देत नसतील, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि तो भिंतीला धरून खाली उतरला. चौथ्या दिवसापासून त्याने जिना सोडला, मागच्या उताराने जायला लागला. कोणत्या वॉर्डात आहे, ताप आहे का, घरी गेली का, हे विचारायला त्याला दोन मिनिटं लागली असती. त्याऐवजी तो चाळीसपर्यंत मोजायला लागला.

म्हणून यादी बघून त्याला एक नंबरची नको झाली ती काही नवी आळशी होती म्हणून नाही. ती आळशी आहे असं त्याला दहा वर्षं वाटत आलं होतं, पण आता अंगावर वेळ आल्यावर बघितलं तर त्याच्याकडे पुरावा नव्हता. गाणं हा काही पुरावा नव्हे. त्याला फक्त एवढं माहीत होतं की चौकटीतली खरी खूण आणि खोटी खूण दिसायला सारख्या असतात. हे त्या इमारतीत फक्त त्यालाच माहीत होतं, निदान त्याला तसं वाटत होतं, आणि उद्या त्या खुणेमागून आलेली नळी त्याला गिळायची होती.

सकाळी ताप एकशे एक होता. सिस्टर स्वतः वर येऊन बघून गेल्या. “पू व्हायला लागलाय, काका. आज निघालाच पाहिजे.” बायको शेजारी बसून त्याच्या तळहातांवर ओला रुमाल फिरवत होती. पावणेदहाला त्याला खाली आणून मागून उघडा असलेला गाउन घातला आणि बाकावर बसवलं, त्याच बाकावर, पण त्याने जागा मात्र दुसऱ्या टोकाची धरली. पहिली केस संपल्याचं त्याला वासावरून कळलं. ट्रे बाहेर आला, ट्रेवर हिरवा कपडा, खाली वेटोळं. ट्रे धुण्याच्या खोलीत गेला. बायको पाणी प्यायला गेली होती. तो उठला. आपण पेशंट आहोत हे तो विसरला होता असं म्हणता येणार नाही, कारण गाउन त्याने मागून एका हाताने धरला होता. पण पाय ट्रेच्या मागे गेले, एकोणीस वर्षं जायचे तसे, आणि आत गेल्यावर दुसऱ्या हाताने त्याने खुंटीवरचा लांब हातमोजा काढून डाव्या हातात घालायला घेतला. तो सलाइनच्या सुईवर अडकला.

“अहो दादा!” नवी ओरडली. “इथे काय करताय? आणि मागून बांधा ते आधी!”

“धुतलीस?”

“आत्ता तर आली. गळती बघतेय.”

“बघ. मी बघतो.”

“काय बघता?”

“तू धुतेस ते. रकाना आहे ना. पाहणारा.”

नवी हसली. “दहा वर्षांनी सुचलं? बरं, बघा. पण त्या लाल रेषेच्या बाहेरून. आणि भिंतीला पाठ लावून उभे राहा, माझ्यावर उपकार होतील.”

तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. फरशी गार होती. तिने नळी पाण्यात बुडवली, फुगे येत नाहीत ते बघितलं, साबणाचं पाणी घेतलं, ब्रश आत घातला आणि गायला लागली. तो सवयीने आकडे मोजायला गेला, पण ऐकता ऐकता त्याच्या लक्षात आलं की ब्रश आत जाताना ओळ सुरू होते आणि कडवं संपल्याशिवाय तिचा हात थांबत नाही. आतली दुसरी बारीक नळी, दुसरं कडवं. मधे फोन वाजला. तिने कोपराने तो बंद केला, अडलेली ओळ पहिल्यापासून घेतली आणि ब्रशही पहिल्यापासून.

“हे तू गातेस—”

“गाते कुठे, मोजते. एका नळीला एक कडवं. लिफ्टला दोन. तुमच्यासारखे आकडे मला जमत नाहीत, कुणी हाक मारली की सांडतात. गाण्याचं बरं असतं, कुठे होतो ते सापडतं.”

हे ऐकून त्याला बरं वाटायला हवं होतं. लिफ्टला दोन कडवी म्हणजे त्याच्या चाळिसाला भारी. आता बाकावर जाऊन बसायचं, आत जायचं, खडा पाडून घ्यायचा आणि घरी जायचं. पण त्याला बरं वाटलं नाही. दहा वर्षं तो या बाईकडे खोटी खूण करणारी म्हणून डोळा ठेवून होता, आणि या बेसिनशी खोटी खूण केलेलं माणूस एकच होतं, तेही मागून उघडं. तोंडाला कोरड पडली होती, बारा तास पाण्याचा थेंब नव्हता, तरी तो बोलला.

“नऊ वर्षांपूर्वी एकदा मी लिफ्टला ब्रश मारला नव्हता. खूण मारली होती.”

गाणं थांबलं. हात थांबला नाही.

“कधी?”

“एक नंबर दुरुस्तीला गेली होती तेव्हा. सात केसेस होत्या. डॉक्टर अंगठीने—”

“पाहणारं कोण होतं?”

“तू.”

नळ चालू होता. तिने तो बंद केला. “म्हणजे मी बघितलं.”

“तू कुठे बघितलंस? तू वर गेली होतीस.”

“सही आहे ना माझी? मग बघितलंच की. कागदावर मी तुमच्या शेजारी उभी आहे आणि बघतेय, आणि गप्प बसलेय.” ती वळली. “पुढे कुणाला घातली ती?”

“एक बाई होती. तिचा नवरा चपला घेऊन...”

“काय झालं तिचं?”

“माहीत नाही.”

“विचारलं नाहीत?”

“नाही.”

“नऊ वर्षं?”

“त्यानंतर एकदासुद्धा मी चाळीसच्या खाली—”

“ते तिच्यानंतरच्यांना. तिला काय त्याचं?” तिच्या आवाजात राग आहे की नाही हे त्याला समजेना, ती एखाद्या डागाबद्दल विचारावं तसं विचारत होती. मग तिने बेसिनकडे तोंड केलं. “बाहेर व्हा, दादा.”

“लिफ्ट राहिलीय अजून.”

“माहीत आहे मला काय राहिलंय. बाहेर व्हा. मला कुणी बघायला नको.”

तेवढ्यात सिस्टर आल्या आणि त्याला दंडाला धरून, दुसऱ्या हाताने त्याचा गाउन मागून मिटवून, दारातून बाहेर काढलं. “पेशंट धुण्याच्या खोलीत? काका, तुम्ही मला नोकरीवरून घालवाल.” बाकावर बसल्यावर त्याने कान दिला. दारामागून पाण्याचा आवाज येत होता, झाकण लागल्याचा आला, मशिन सुरू झाल्याचा आला. गाण्याचा आला नाही. लिफ्टला दोन कडवी. किती झाली, झाली की नाही, मोजायला काहीच नव्हतं. ज्या बाईला आपण नऊ वर्षं आपल्या खोट्याला साक्षीला उभं करून ठेवलं होतं, तिला ते आपली नळी हातात असतानाच सांगितलं. अक्कल म्हणतात ती आपल्याला कधी होती का, असा प्रश्न त्याला पडला. मशिन थांबलं, आणि मग त्याला थंडी वाजायला लागली. आधी दात, मग खांदे, मग सगळा बाक. बायकोने त्याला मिठी मारून धरलं, तशी तीही हलायला लागली.

“एकशे दोन पॉइंट चार,” सिस्टर म्हणाल्या. “चला.”

“दोन नंबरची मिळेल का?”

“ती दुसऱ्या केसमधून आत्ताच निघालीय. धुणार, मशिन. दीड तास. आणि क्ष-किरणवाला एक वाजता जातो तो परवाच येतो.” त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं. “एक नंबरची का नको?”

तो उठून आत चालायला लागला. आत टेबलावर त्याला पोटावर घेतलं, मान उजवीकडे वळवून. घशात कडू फवारा मारला, घसा आपला नाहीसा झाला. दातांमध्ये प्लास्टिकची कडी बसवली आणि पट्टा डोक्यामागे आवळला. त्या बाजूने त्याला भिंत दिसत होती आणि भिंतीतली खिडकी, जिच्या पलीकडे तो एकोणीस वर्षं उभा होता. इकडून ती फारच लहान होती. भूल देणाऱ्या बाईंनी इंजेक्शन भरून हातात घेतलं आणि सगळे थांबले. असं थांबायचा नियम आहे: भूल देण्याआधी सिस्टर मोठ्याने विचारतात, ज्याने त्याने उत्तर द्यायचं. नाव? पट्टीवरून वाचलं. कशाची ॲलर्जी? नाही. रक्त पातळ करायची गोळी? नाही. शेवटचा प्रश्न खिडकीला असतो. त्याला तिकडून ‘धुतलीय’ म्हणून ओरडायचं असतं. तो तर प्रश्न पुरा व्हायच्या आत ओरडायचा.

“दुर्बीण?”

खिडकीतून काही आलं नाही.

“दुर्बीण?” सिस्टर जोरात म्हणाल्या.

“एक नंबरची,” नवीचा आवाज आला. “धुतलीय. मी धुतलीय, लिफ्टसकट. कुणी बघितलेलं नाही.”

मोठ्या डॉक्टरांनी पडद्यावरची नजर काढली. “म्हणजे?”

“म्हणजे कुणी बघितलं नाही. कधीच कुणी बघत नाही, डॉक्टर. सह्या आम्ही चहाला बसलो की करतो. आजचा रकाना मी मोकळा ठेवलाय.”

“हे आत्ता सांगायचं?”

“आत्ताच तर विचारलंत.”

सिस्टरांनी खिडकीत ठेवलेल्या वहीकडे बघितलं, नवीकडे बघितलं, आणि छताकडे. “वापरायची की नाही मग ही?” डॉक्टरांनी विचारलं, पण कुणाला ते त्यांचं त्यांनाच ठरवता येईना, आणि हळूहळू सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या, कारण या विषयातलं सगळ्यात जास्त कळणारा माणूस तोंडात कडी घालून पालथा पडला होता. डॉक्टर वाकले. त्यांचा चेहरा आडवा दिसला. “काका, तुम्ही सांगा. नको असेल तर हात वर करा. दोन नंबरचीची वाट बघू, ताप काय करायचा ते करेल.”

नवी खिडकीत होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती, दोन्ही हात कट्ट्यावर ठेवून डॉक्टरांकडे बघत होती, उत्तराची वाट बघत असलेल्या माणसासारखी. नुसतं ‘धुतलीय’ आलं असतं तर त्याने हात वर केला असता, याची त्याला खात्री होती. हात उचलायच्या तयारीनेच तो पडला होता. आता पुढे काय ते त्याला दिसत होतं: घसा परत आला की डॉक्टरांना त्या बाईबद्दल सांगायचं, फाइलींच्या खोलीत जायचं, नऊ वर्षांपूर्वीचा गठ्ठा असला तर सोडायचा, त्यात जे असेल ते वाचायचं. थंडी अजून पायात होती.

त्याने सुई लावलेला हात उचलला नाही. तो चादरीवरून पुढे, भूल देणाऱ्या बाईंच्या बाजूला सरकवला, आणि नळी आत येताना जीभ जशी ठेवायला सांगतात तशी, कुणी सांगायच्या आत, खाली दाबून धरली.